अक्षतेच्या दाण्यानं पळवलेली तबकडी

मित्रांनो, मी परतूरच्या एका घरात खिळ्याला टांगलेली जुनी तबकडी आहे. रंगानं काळी, आकारानं वाटोळी आणि पोटाच्या बरोबर मधोमध भोक. पाहुणे मला घड्याळ समजतात आणि काटे कुठं गेले म्हणून विचारतात. मी घड्याळ नाही. माझ्या पोटात गाणं आहे. आणि आयुष्यात मला एवढे धक्के बसले आहेत, की माझ्या जागी मडकं असतं तर त्याची खापरंसुद्धा सापडली नसती. सांगते ते सगळं खरं आहे. जिथं खोटं वाटेल तिथं तर जरा जास्तच खरं आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. गरम काळ्या लगद्याचा गोळा दोन साच्यांमध्ये ठेवला आणि वरून डोंगर कोसळावा तसा दाब आला. हा पहिला धक्का. त्या एका दाबात एक अख्खा माणूस माझ्या अंगावरच्या रेघांत शिरला, आपल्या क्लॅरिनेटसकट. क्लॅरिनेट म्हणजे काळ्या लाकडाची, चकचकीत चाव्यांची, ओठांत धरून फुंकायची नळी. तो माणूस आता हयात आहे की नाही, देव जाणे. माझ्या पोटात मात्र त्याचा श्वास अजून गरम आहे.

एका खोक्यात आम्ही तिघी बहिणी होतो. तिघींच्या पोटात जॅझ, तिघींच्या पोटात फुंकणारी माणसं, पण एकीचा स्वभाव दुसरीला नाही. मी थोरली. माझ्या क्लॅरिनेटमागं मोठा ताफा आणि चाल अशी डुलती, की मांडी घालून बसलेल्याचाही अंगठा हलायला लागतो. तिकडं याला स्विंग म्हणतात. मधलीच्या पोटात बासरी आणि सॅक्सोफोन, जोडीला दक्षिण अमेरिकेकडचे नाचरे ढोल. ती लॅटिन. धाकटी शांत. तिच्यात ढोल नाही, ताशा नाही. सनईच्या जातीची ओबो, बासरी, क्लॅरिनेट अशी तीन मंडळी एका खोलीत बसून हलक्या आवाजात गप्पा मारल्यासारखी वाजवतात. ती चेंबर.

१९८१ साली एक गोरा साहेब आम्हाला पेटीत घालून जालन्याला घेऊन आला. बियाण्यांच्या कुठल्याशा कंपनीत तो कपाशीचं बी बघायला आला होता. आम्ही त्याला भेट मिळालेल्या होतो. त्यानं आमचं वेष्टनही उघडलं नाही. जालन्याचं ऊन एका चैत्रात अंगावर घेतलं आणि त्याला आपलं गाव आठवलं. जाताना त्यानं आम्हाला आपल्या खानसाम्याला देऊन टाकलं. खानसामा कडूबा, परतूरचा. त्याच्याकडं तबकडी वाजवायचं यंत्र कुठून असणार? पण माझ्या वेष्टनावर क्लॅरिनेट ओठांत धरलेल्या माणसाचं चित्र होतं, आणि अख्ख्या परतुरात क्लॅरिनेट ओठांत धरणारा माणूस एकच होता. बँडवाले इनायत मास्टर. कडूबानं आम्हा तिघींना त्यांच्या हवाली केलं.

मास्टर त्या दिवसांत मोठ्या घोरात होते. इकडं लग्नात अशी रीत होती, की नवऱ्याकडचे आपला बँड आणत आणि नवरीकडचे आपला. दोन्ही बँड गावाच्या वेशीत समोरासमोर उभे राहत आणि मुकाबला होई. ज्यांचा दम आधी संपेल, त्यांनी वाद्यांची तोंडं खाली करून मुक्यानं वरातीमागून चालायचं. गेल्या मोसमात जालन्याच्या सर्जेरावांच्या बँडनं मास्टरांना असं चालवलं होतं. बँडमधली माणसं तोंडावर सांगून मोकळी झाली होती, की अजून एकदा तोंड खाली झालं तर आपण सर्जेरावांकडं जाणार. वडिलांनी उभा केलेला बँड फुटायला आला होता. पुढच्या मोसमाचं पहिलंच लग्न मंठ्याला होतं. नवरीकडून मास्टर, नवऱ्याकडून सर्जेराव.

मास्टर मला घेऊन गेले ते थेट अप्पारावांच्या लाउडस्पीकरच्या दुकानात. अप्पाराव लग्नात भोंगे बांधत आणि यंत्रावर सिनेमाच्या छोट्या छोट्या तबकड्या वाजवत. माझ्याएवढी मोठी तबकडी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी मला यंत्रावर ठेवलं, सुई टेकवली, आणि मित्रांनो, मी जी सुटले! वाऱ्याच्या अंगावरून पुढं. आवाज चिमणीसारखा बारीक आणि सूर एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन पळणारे.

दुकानातला चहा थंड झाला. मास्टरांचं तोंड उघडं ते उघडंच.

"अप्पाराव, ह्यो माणूस हाय का चिमणी?"

"गोऱ्या लोकायचं फुफ्फुस मोठं असतंय, मास्टर. दूध पेतेत ना ते."

"मंग आपण काय पेतो?"

"आपण चहा पेतो."

मलाही वाटलं, मी अशीच असणार. जन्मापासून कुणी मला वाजवलंच नव्हतं. माझा आवाज मला तरी कसा ठाऊक असावा?

मास्टरांनी ठरवलं, हीच चाल मंठ्याला वाजवायची. हिच्यापुढं सर्जेरावांचा दम टिकणार नाही. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा बँडवाल्याला वेळच वेळ. मास्टर अप्पारावांकडं मला ऐकत आणि मग कापसाच्या जिनिंग कारखान्यामागं जाऊन वाजवत बसत. पावसाळ्यात तो बंद, तिथं कुणाची तक्रार येत नसे. तरी आलीच. मी काही बघायला गेले नव्हते, पण कडूबा शपथेवर सांगत असे, की मास्टरांच्या त्या सुरांनी गवळ्याच्या म्हशीचं दूध आचळातच विरजायचं आणि सकाळी धार काढावी तर दह्याची कवडी पडायची. मास्टरांची फुंकर एवढी तयार झाली, की ते अंगणातून फूऽ करत आणि आत चुलीवरच्या कढईखाली जाळ पेटे.

सगळी चाल बसली. एक जागा तेवढी बसेना. मधोमध सुरांची एक लांबलचक माळ होती आणि तिच्यात श्वासाला जागाच नव्हती. एका ठिकाणी फक्त 'खुट्' असा आवाज येई. मास्टरांना वाटे, माझ्या अंगावर ओरखडा आहे. त्यांनी मला मलमलीनं पुसलं, फुंकलं, उजेडात धरून बघितलं. खुट् काही जाईना. तिथं आले, की त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी येई. ओठ फाटले. भाकरी बंद झाली, नुसती खिचडी जायची. एकदा अंगणातच भोवळ येऊन पडले, तेव्हा त्यांच्या घरवाल्या मैमूनाबींनी क्लॅरिनेट उचललं आणि ज्वारीच्या कणगीत उभं खुपसून टाकलं.

"अजी, वो आदमी कहीं तो सांस लेता होगा ना?"

"नहीं लेता. मैं सुना ना रोज."

"तो आदमी नहीं है वो. तुम आदमी हो. खिचडी खाओ."

पण मास्टरांनी खिचडी खाल्ली आणि कणगीत हात घातला.

दिवाळी झाली. मोसमाआधी अप्पाराव यंत्र उघडून साफ करत. त्या दिवशी मास्टर तिथंच होते, आणि मी त्यांच्या मांडीवर. अप्पारावांनी वरची पट्टी काढून यंत्र उपडं केलं, तर आतून काय पडावं? अक्षतेचा एक दाणा. हळदीनं पिवळा, सुकून खडा झालेला. कुठल्या तरी लग्नात कुणी तरी नवरानवरीवर टाकला आणि नेम चुकून तो भोंगेवाल्याच्या यंत्रात गेला. गती बदलायचा जो खटका असतो, त्याच्या फटीत जाऊन बसला होता. दाणा निघाला आणि वर्षानुवर्षं न हललेला तो खटका टकदिशी मागं सरकला. अप्पारावांनी सहज मला चढवलं.

मित्रांनो, त्या साच्याचा दाब काहीच नव्हता. खरा धक्का हा.

मी चालू लागले. पळाले नाही, चालले. माझ्या आतून एक जाड, गोड, सावकाश आवाज निघाला. चिमणी कुठली? भरल्या अंगाचा एक माणूस दिवेलागणीला आपल्याच नादात डुलत घरी निघावा, तसा. मी घाबरले. हे कोण माझ्या पोटात बोलतंय?

मास्टर तर उठून उभेच राहिले. "याला काय झालं, अप्पाराव? बिमार पडला का?"

अप्पाराव खटक्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "मास्टर, ह्योच त्याचा आवाज. मोठा तवा हळू फिरवायचा असतोय. ह्यो खटका छोट्यायच्या गतीवर अडकून बसल्ता."

तेवढ्यात ती जागा आली. सुरांची माळ, आणि मधे जिथं रोज 'खुट्' व्हायचं, तिथं माझ्या पोटातल्या माणसानं स्वच्छ, भरभरून श्वास घेतला. दुकानातल्या तिघांनी तो ऐकला. तिघांत मी आलेच.

"सांस घेऊन राह्यला," मास्टर पुटपुटले. मग खाली बसले आणि ओठांवरच्या खपलीला बोट लावून म्हणाले, "मी कोनाच्या मागं पळत होतो, अप्पाराव? असा माणूस हायच न्हाई."

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पण लग्न तोंडावर आलं होतं. बँडमधल्या सगळ्यांनी पळती चालच पाठ केली होती, आणि मुकाबल्यात हळू वाजवून जिंकलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. मास्टर पळती चाल घेऊनच मंठ्याला गेले. अप्पारावांच्या भोंग्याच्या गाडीत मीही होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

वेशीत दोन्ही बँड भिडले. नवरदेव धर्मराज घोडीवर, मुंडावळ्या बांधून. सर्जेरावांनी आपली पितळी वाद्यं अशी काही गरजवली, की वेशीवरची कबुतरं परतूरच्या बाजूला गेली ती परत आली नाहीत. मग मास्टरांनी क्लॅरिनेट उचललं. काय सांगू! सूर दिसेनासे झाले, नुसता वारा दिसत होता. ती अवघड जागा आली आणि मास्टर पहिल्यांदाच तिच्यावरून दम न घेता पार गेले. सर्जेरावांचा वाजवणारा मागं लागला, अडखळला, खोकला आणि थांबला. सर्जेरावांनी हळूहळू आपलं वाद्य तोंड खाली केलं.

मास्टर जिंकले होते. एवढ्यात घोडीनं कान मागं टाकले, पुढचे पाय उचलले आणि नवरदेवासकट उधळली.

मुहूर्ताची वेळ आली होती. मुंडावळ्या वाऱ्यावर, फेटा बाभळीवर आणि नवरदेव तुरीच्या रानातून परतूरच्या दिशेनं नाहीसा होत होता. अर्धं वऱ्हाड आरडत मागं धावलं, तशी घोडी अजूनच पळाली. नवरीची आजी गोजरबाई काठी टेकत मास्टरांसमोर आली. ती रागावली नाही. हळूच बोलली, म्हणून सगळ्यांना जास्त भीती वाटली.

"मास्टर, माझा नातजावई तुम्ही पळविला. आता तुम्हीच आणून द्या."

बँडवाले एकमेकांकडं बघू लागले. नवरदेव पळवणाऱ्या बँडला पुन्हा कोण बोलावणार? मास्टरांनी हात वर करून धावणाऱ्यांना थांबवलं आणि एकटेच रस्त्यानं निघाले. चालता चालता क्लॅरिनेट ओठांना लावलं.

या वेळी त्यांनी माझी खरी चाल वाजवली. सावकाश, जाड, डुलती. लग्नाच्या घोडीला जन्मभर एकच धडा दिलेला असतो, वाजंत्र्याच्या मागं चालायचं. पण वाजंत्री पळत सुटला तर त्या बिचारीनं तरी काय करावं? लांब तुरीत ती थांबली. कान वळवले. माळेच्या मधोमध मास्टर थांबले, छातीभर श्वास घेतला आणि पुढचा सूर लावला. मग त्यांनी घोडीकडं पाठ केली आणि मंठ्याकडं तोंड करून चालू लागले. मागं वळून बघितलं नाही. घोडी तुरीतून बाहेर आली आणि त्यांच्या पावलांवर पावलं टाकत मागं मागं निघाली. वर धर्मराज आयाळ घट्ट धरून, डोळे मिटून बसला होता. मांडवात उतरवलं तरी त्यानं ते उघडले नाहीत. अंतरपाट दूर झाल्यावर कोपरानं ढोसलं, तेव्हा उघडले.

वेशीत सर्जेराव उभे होते. घोडी पुढून गेल्यावर ते म्हणाले, "मास्टर, जिंकले तुम्ही. पण आधी जिंकले का मंग जिंकले, तेवढं सांगा."

मास्टर घामानं निथळत होते. "मंग," ते म्हणाले.

सर्जेरावांनी आपलं वाद्य सरळ केलं आणि दोन्ही बँड घोडीच्या चालीनं मांडवापर्यंत सोबत वाजवत गेले. मास्टरांना सोडून त्यांचा एकही माणूस गेला नाही.

पुढं दिवस पालटले. आधी कॅसेट आली, मग विजेवर चालणारी, बोटांनी वाजवायची पेटी आली आणि अप्पारावांचं यंत्र भंगारात गेलं. मधली बहीण कुणीतरी ऐकायला म्हणून नेली ती आजतागायत आली नाही. धाकटीवर कुणीतरी चुलीवरचं पातेलं ठेवलं आणि ती द्रोणासारखी वाकली. तिच्यातली ती हलक्या आवाजात बोलणारी माणसं एका दुपारीत मुकी झाली. मी भिंतीवरून बघत होते. ओरडायला मला सुई लागते.

मास्टरांचे दात गेले, तसं वाजवणं थांबलं. पण माझी चाल राहिली. मंठा, परतूर, पार पिंपळगाव रेणुकाईपर्यंत नवरदेव घोडीवर बसला, की आजही तीच वाजवतात. तिला मंठ्याची चाल म्हणतात. परवा एक वाजवणारा याच घरात बसून सांगत होता, की ही चाल आमच्या पणजोबांपासून आहे. मी खिळ्यावरून पडता पडता वाचले.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर अशी कुणी काळी, वाटोळी पडून असेल तर तिला खाली काढा. कडेनं धरा, रेघांना बोट लावू नका. उभी ठेवा, उन्हात आणि चुलीजवळ ठेवू नका. तिच्या पोटात कोण बसलंय, तुम्हाला ठाऊक नसतं. आणि कुणाकडं चालू यंत्र असेल तर मला एकदा मंठ्याच्या वेशीत नेऊन वाजवा, सावकाश. तिथले लोक म्हणतील, ही कोण परकी, आपली चाल चोरून आली. म्हणू देत. मी काही बोलणार नाही.