पाच पावलांचं क्रियापद

सातुर्निना मावशींनी आमच्या गावातली कितीतरी बाळंतपणं केली, माझंसुद्धा. पण यंदा आरोग्य केंद्राचा नियम आला. बाळंतपणाच्या खोलीत नोंद झालेल्या सुईणीलाच प्रवेश, आणि नोंदीसाठी स्पॅनिशमध्ये तोंडी परीक्षा. मावशींची भाषा आमच्या डोंगराळ मुलखातली आयमारा. स्पॅनिश बाजारापुरतं, तेही सगळी क्रियापदं एकाच रूपात. आणि त्यांच्या लेकीचे, बासिलियाचे, ऑगस्टमध्ये दिवस भरणार होते.

मी गावच्या शाळेत शिकवते, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी भिंतीवर तक्ता लावला. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. माणूस बदललं की क्रियापदाचं शेपूट बदलतं, एवढंच सांगितलं.

"ही पाचवी ओळ कोण बोलतं गं?"

"स्पेनमधली माणसं. आपल्याकडे 'तुम्ही'लाही 'ते'चंच शेपूट चालतं."

"मग त्यांचे बटाटे त्यांनाच तुडवू दे."

ओळ खोडली. पाच उरल्या. त्याही दुसऱ्या दिवशी मावशींच्या डोक्यातून पुसलेल्या असायच्या. मांडीवर माझी लेक चुळबुळत असायची, मी एकच रूप दहादा म्हणायची आणि मनातून चिडायची.

जूनमध्ये, आमच्याकडच्या हिवाळ्यात, कडाक्याची थंडी पडली. माळावर पसरलेले बटाटे गोठले. सकाळच्या उन्हात ते मऊ झाले की अनवाणी तुडवून पाणी काढायचं आणि वर्षभर टिकावेत म्हणून वाळवायचे. लेकीला पाठीशी बांधून मीही गेले. मावशी ढिगावर चढल्या आणि पुटपुटल्या, "पिसो." मी तुडवते. पुढचं पाऊल, "पिसास." तू तुडवतेस. पाचव्या पावलाला माणसं संपली, की परत पहिल्यापासून.

शेजारच्या ढिगाशी बसलेली बासिलिया ओरडली, "आई, बटाट्यांना शाळेत घातलंस की काय?"

"तुला घातलं तर तू पळून आलीस. हे निदान जागचे हलत नाहीत."

महिनाभरात श्वास घेणं, थांबणं, धरणं, जोर लावणं, सगळं तुडवून झालं. पाठीवरची माझी लेक त्या ठेक्यावर झोपायला शिकली.

परीक्षेला मी आरोग्य केंद्रात, उघड्या दाराबाहेरच्या बाकावर होते. डॉक्टर शहरातले, तरुण.

"कळा येताहेत. बाईला काय सांगाल?"

मावशींचे पाय जमीन शोधू लागले. खुर्ची उंच, नवे बूट अधांतरी. मला आत शिरून सांगावंसं वाटत होतं. डॉक्टरांनी कागदावर पेन टेकवलं.

मावशी वाकल्या. बूट काढले, उठून उभ्या राहिल्या आणि थंडगार फरशीवर पाय उचलू लागल्या. "तू श्वास घेतेस. आम्ही थांबतो. मी धरते. आता तू जोर लावतेस." प्रत्येक शेपूट आपल्या जागी.

"मावशी, हे काय चाललंय?"

"बटाटे तुडवतेय. पाय थांबले की शब्द सांडतात, डॉक्टर."

ते हसले नाहीत. "खोलीत अनवाणी चालणार नाही. कापडी बूट घालावे लागतील."

"म्हणजे खोलीत येऊ देणार?"

त्यांनी उत्तरादाखल शिक्का उचलला.

ऑगस्टमध्ये बासिलियाला आत नेलं, तेव्हा लेकीला खांद्यावर घेऊन मी त्याच बाकावर बसले. बंद दाराआडून कापडी बुटांची सरसर येत होती. पाच पावलं, परत पाच. लेक केव्हाच झोपली होती.

पावलं थांबली तशी ती दचकून जागी झाली. मला वाटलं, आता भोकाड पसरणार. पण रडण्याचा आवाज आतून आला.