काका म्हणणारी मुलगी

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बेटावर, परदेशातून येणाऱ्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला सुतयिंगने एकच शब्द सांगितला आणि तेवढ्याने तिची परत पाठवणी ठरली. न्यायला कोण आलंय, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, “काका.” संपलंच की! न्यायला आलेले मॉक दिनगोक हे इथले नागरिक, मुलगी त्यांची असेल तरच तिला उतरता येणार. आणि ही तर त्यांना काका म्हणते. अधिकाऱ्याने पुढे काही विचारलंच नाही.

विचारलं असतं तर कळलं असतं. ती जन्मली तेव्हा गावातल्या ज्योतिष्याने सांगितलं होतं, ही बापाला बाप म्हणेल तर बाप जगणार नाही. म्हणून काका. सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्यांच्या चिनी गल्लीत आपल्याच बापाला काका म्हणणारे कितीतरी होते, कुणाला त्यात नवल नव्हतं. पण तिची धाकटी बहीण फूनलिन इथेच जन्मलेली, शाळेत जाणारी. तिला ताईचा भयंकर राग आला होता. एक शब्द बदलता येत नाही?

पेटीग्रू वकिलांनी अपील केलं. त्यांनी समजावलं, की मुलगी कोणाची हे न्यायाधीश ठरवणार नाहीत, चौकशी नीट झाली का एवढंच बघतील.

कोर्टाच्या व्हरांड्यात फूनलिनने ताईला पहिल्यांदा पाहिलं. नाक थेट बाबांचं! बाबा खोकत खोकत तिला दटावत होते, की आत गेल्यावर सरळ बाप म्हण, मी काही मरत नाही.

“आधी तो खोकला थांबवा, मग सांगा,” ताई म्हणाली.

फूनलिनला हसू आलं.

आत न्यायाधीशांनी बाबांकडे बोट दाखवलं. दुभाष्याने विचारलं, हे कोण?

म्हण ना गं, फूनलिन मनातल्या मनात विनवत होती.

“काका.”

वकिलांनी कारण विचारलं. तिने ज्योतिष्याचं सगळं सांगितलं. न्यायाधीश जरा पुढे झुकले. परत पाठवलं तरी हेच म्हणणार का?

“मी परत गेले तर ते जिवंत तरी राहतील,” ती म्हणाली.

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. चौकशी अपुरी आहे, पुन्हा करा, असा हुकूम झाला. पेटीग्रू खूश झाले, जिंकलो म्हणाले. मग फूनलिनने विचारलं, चौकशी कोण करणार? बेटावरचा तोच अधिकारी. त्याला पटलं नाही तर? वकील कागद आवरू लागले.

संध्याकाळी धक्क्यावर बोचरा वारा होता. पहारेकऱ्याने ताईला बोटीत चढवलं. बाबा कठड्याला धरून उभे होते, खोकला काही थांबत नव्हता.

“काका, घरी जा, गार आहे,” ताई बोटीतून ओरडली.

फूनलिनने चटकन मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.