निविदांच्या बैठकीतला तनोआ

मित्रांनो, आमच्या कांबारा बेटावर वेसी नावाचे झाड वाढते. त्याचे लाकूड इतके कठीण की नवख्याची पटाशी त्यावर बोथट होते. त्याच लाकडातून कोरलेला मी एक जुना तनोआ, म्हणजे चार पायांचा मोठा कटोरा आहे. यंगोनाच्या मुळ्या कुटून माझ्यात पाण्याबरोबर पिळतात आणि ते पेय करवंटीने सर्वांना वाटतात. लग्न असो, मयत असो की भांडण मिटवायचे असो, आमच्याकडे माझ्यावाचून कुणाचे पान हलत नाही.

मला आपोरोसा नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने घडवले. माझ्या पोटाला खोबरेल चोळताना तो पुटपुटायचा, "तुझ्यापुढे बसून माणूस खोटं बोलत नाही. बोललाच, तर लाज तुझी." मला तेव्हा गंमत वाटली होती. लाकडाला कसली आली लाज!

त्याचा भाचा इलियेसा बांधकामाच्या धंद्यासाठी वाइतोलू शहरात निघाला, तेव्हा आपोरोसाने मला त्याच्या हाती सोपवले. ते दिवस फार चांगले होते. इलियेसा आधी गवंडी होता, मग छोटा कंत्राटदार झाला. काम उरकले की त्याचे मजूर शेडमध्ये माझ्याभोवती मांडी घालून बसत. त्याची बायको मेरेसियाना तळलेले कसाव्याचे कंद आणून ठेवी. बिसुनदेव नावाचा दुसरा कंत्राटदार त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो आला की हसून हसून पोटे दुखत.

"इलियेसा, तू बांधलेली भिंत पाडायला वादळाला सुट्टी काढून यावं लागेल!" तो म्हणायचा.

"आणि तुझी?"

"माझी भिंत समजूतदार आहे. वादळाचा निरोप आला की आपणहून आडवी होते!"

लोक माझेही कौतुक करीत. पाहुणे माझ्या काठावरून हात फिरवून म्हणत, असे लाकूड आता मिळत नाही.

मग सवेनाका येऊ लागला. तो नगरपालिकेत बांधकाम खात्याचा अधिकारी होता. कोणते काम कुणाला द्यायचे ते त्याच्या हातात होते. पहिल्या दिवशी त्याने रीतीप्रमाणे टाळी वाजवून करवंटी रिकामी केली आणि म्हणाला, "तुम्ही दोघं एकमेकांचे भाव पाडता आणि दोघंही उपाशी राहता. कशाला? मासळी बाजाराचं काम बिसुनचं. इलियेसा, तू तुझी निविदा जरा फुगवून टाक. पुढचं काम तुझं, तेव्हा बिसुन फुगवेल."

"आणि साहेब, तुमचं काय?" बिसुनदेवने विचारले.

"माझं काय असणार? देव पोट भरतोच. प्रत्येक कामातला दहावा हिस्सा तेवढा मला पोचवा म्हणजे झालं."

बिसुनदेव मोठ्याने हसला. इलियेसा हसला नाही, पण उठलाही नाही. त्याने माझ्यात करवंटी बुडवली आणि सवेनाकापुढे धरली.

त्यानंतर नगरपालिकेची कामे माझ्याभोवतीच वाटली जाऊ लागली. नगरपालिकेत लखोटे उघडायचे, पण त्यांतले आकडे माझ्यापुढे आधीच ठरलेले असायचे. लोकांच्या करातून जादा रक्कम जाई, तरी बांधणाऱ्याच्या हाती कमीच उरे. सवेनाकाचा हिस्सा, हरायचे सोंग घेणाऱ्याचा हिस्सा, मग सवेनाकाच्या मेव्हण्याचाही हिस्सा. उरलेल्यात बांधायचे म्हणजे कुठेतरी कात्री लागणारच. ती भिंतीच्या आत लागे, जिथे कुणाला दिसत नाही.

एकदा मेरेसियानाने विचारले, "सवेनाका आला की तुम्ही दार का लावता? आजवर यंगोना पिताना आपण कधी दार लावलं नव्हतं."

"वारा येतो," इलियेसा म्हणाला.

"वारा? या उकाड्यात?" ती एवढेच बोलली आणि कसाव्याची परात तिथेच ठेवून गेली.

किनाऱ्यावरच्या नासाली गावचे नवे आरोग्य केंद्र इलियेसाच्या पाळीत आले. तिथे वासिती नावाची तरुण परिचारिका होती. उद्घाटनाच्या दिवशी तिने इलियेसाच्या गळ्यात फुलांची माळ घातली होती. ती माळ त्याने शेडमध्ये आणून माझ्या काठावर टाकली आणि बराच वेळ त्या माळेकडेच बघत राहिला.

पुढच्याच पावसाळ्यात वादळ आले. गावकरी केंद्रात धावले. दुपारी समुद्राकडची भिंत फुगल्यासारखी झाली, तेव्हा वासितीने आधी बाळंतिणीला बाहेर काढले, मग म्हाताऱ्यांना. शेवटच्या खाटेपाशी ती परत गेली आणि भिंत तिच्या अंगावर कोसळली. त्यातच ती गेली.

इलियेसा तिथे जाऊन आला, तेव्हा ढिगारा उपसून त्याच्या बोटांची नखे फुटलेली होती. तो माझ्यासमोर बसला. मी रिकामा होतो. सवेनाका घाईघाईने आत आला.

"वादळ होतं, इलियेसा. देवाची करणी. तू तोंड उघडू नकोस, मीही उघडत नाही."

"सवेनाका साहेब, शेजारचं प्रार्थनाघर त्याच वादळात उभं आहे. माझ्या आजोबांच्या काळात बांधलेलं."

"मग?"

"मग देवाची करणी फक्त माझ्याच भिंतीला कशी सापडली?"

सवेनाका पाठ फिरवून निघून गेला.

पण तोंड आधी उघडले ते बिसुनदेवने. भ्रष्टाचारविरोधी खात्याचे अधिकारी चौकशी करू लागले आणि जो सर्वांत आधी बोलेल त्याला सवलत मिळेल, असे त्याच्या वकिलाने सांगितले. अधिकारी शेडमध्ये आले, मिळेल ते गोळा केले आणि मलाही उचलून नेले.

खटल्याच्या दिवशी मला कोर्टात टेबलावर ठेवले होते. बिसुनदेवने सगळे सांगितले. सांगताना त्याने इलियेसाकडे एकदाही पाहिले नाही. सवेनाकाचा वकील उठला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "महाराज, मित्रांनी मिळून यंगोना पिणं हा आता गुन्हा झाला का?"

कोर्टात हशा पिकला. मागच्या बाकावर वासितीची आई आकानेसी बसली होती. ती हसली नाही.

इलियेसाच्या वकिलाने त्याला गप्प राहायला बजावले होते. तरी तो उभा राहिला. "पिणं गुन्हा नाही, महाराज. पिताना आम्ही जे ठरवलं, तो गुन्हा. मी तो कबूल करतो. त्या भिंतीत सळई किती कमी घातली हे मला माहीत होतं. उद्घाटनाला वासितीने माझ्या गळ्यात माळ घातली, तेव्हाही माहीत होतं."

सवेनाकाला आणि इलियेसाला तुरुंगवास झाला. बिसुनदेव सुटला, पण आता त्याला कुणी यंगोनाला बोलावत नाही. तोही कुठे जात नाही.

सवेनाकाचे अपील फेटाळल्यावर कोर्टाने मला मेरेसियानाच्या स्वाधीन केले. ती मला आणि घरातला देवमाशाचा दात घेऊन नासालीला गेली. तो दात पुढे ठेवून माफी मागायची, समोरच्याने तो स्वीकारायचा, मग माझ्यातले यंगोना दोघांनी प्यायचे, अशी आमची रीत आहे. मेरेसियाना आकानेसीच्या दारात गुडघ्यांवर बसली. माझ्यात यंगोना तयार होते.

आकानेसीने दाताला हात लावला नाही. "पोरी, तुझ्यावर माझा राग नाही. पण हा दात मी घेतला, की सगळं मिटलं असं होईल. आणि मिटलेलं नाही गं."

मग मेरेसियानाने माझ्यातले यंगोना अंगणातल्या मातीत ओतले. इतक्या वर्षांत ते न पिता ओतण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

आता मी तिच्या पडवीत पालथा पडून आहे. ती मला टाकतही नाही आणि वापरतही नाही. तेलावाचून माझ्या बुडाला तडा गेला आहे आणि तो हळूहळू काठाकडे सरकतो आहे.

मित्रांनो, मला तेल लावा असे माझे मागणे नाही. पडलेला तडा तेलाने बुजत नाही. लाकूड धड असते तेव्हाच त्याची निगा ठेवायची असते. तुमच्या गावात शाळा, दवाखाना, पूल काहीही बांधत असतील, तर तिथे जाऊन उभे राहा. काम कुणाला मिळाले, कसे मिळाले, आत काय घालताहेत, हे विचारा. लोक तुम्हाला आगाऊ म्हणतील, म्हणू द्या. वासिती रोज त्या भिंतीला टेकून चहा पीत असे. भिंतीत काय आहे, हे तिने कधी विचारले नाही. तिचा आमच्यावर विश्वास होता.