करडईतल्या दोन पाट्या

धारूरच्या धोंडप्पाला माशीचं लई भ्या! पिकावरच्या औषधाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना जगातले समदे किडे मारून दाखवणारा हा बहाद्दर, अन् रानात कोथिंबिरीच्या फुलावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी दिसली की धूम बांधावर. बायकोला, दानम्माला, हसू आवरायचं नाही.

"अवो, ती चावत न्हाई. नुसतं गांधीलमाशीचं सोंग हाय."

दानम्मा भाकरी खाऊन रोज त्या माश्याच बघत बसायची. हवेत एका जागी खिळल्यागत थांबायच्या, बाजूला सटकायच्या अन् परत नेमक्या तिथंच. फुलं चाटून झाली की शेजारच्या करडईवर, रस पिणारी मावा कीड असेल तिथंच अंडी घालायच्या. त्यातनं निघालेली लिबलिबीत अळी दिवसभर मावा फस्त करायची. तिनं नवऱ्याला दाखवलं.

"अळीची तारीफ करून दुकान चालतंय व्हय?" तो म्हणाला.

त्या साली नव्या कंपन्यांचा नुसता सुळसुळाट. एकीनं जाहीर केलं, ज्या दुकानदाराच्या रानात औषधाचा गुण उठून दिसेल, त्याला रंगीत टीव्ही! धोंडप्पानं करडईचे दोन भाग करून 'फवारलेले', 'न फवारलेले' अशा पाट्या रोवल्या अन् एका भागावर तीनदा औषध मारलं.

झालं भलतंच. फवारलेल्या भागातल्या माश्या मेल्या, अळ्या मेल्या, अन् मावा दुपटीनं परत आला. पानं चिकट, काळी. कोथिंबिरीलगतचा न फवारलेला भाग मात्र हिरवागार. अन् कंपनीचे साहेब उद्या येणार! धोंडप्पानं गुपचूप पाट्यांची अदलाबदल केली. दानम्माला संताप आला, पण टीव्ही तिलाही हवा होता, खोटं कशाला बोला. तिनं पाट्या तशाच राहू दिल्या.

साहेब खूश झाले. फोटो निघाले, टीव्ही मिळाला. वर साहेब म्हणाले, "आता हे आमचं आदर्श शेत. सगळ्या रानाला फवारणी फुकट!" अन् माणसं लावून कोथिंबिरीसकट समदं रान तिथल्या तिथं औषधानं भिजवलं. धोंडप्पा कसनुसा हसत उभा राहिला. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

पंधरा दिवसांनी निरोप आला. आदर्श शेत बघायला साहेब उद्या पन्नास शेतकरी आणतायत. रान तर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं. धोंडप्पा कोथिंबिरीत मधोमध उभा राहून वर बघत होता.

"एकबी माशी दिसंना की गं."

दानम्मानं दोन्ही पाट्या उपटून त्याच्या हातात दिल्या. "घ्या. आता कुठं रोवता?"