खतीजाबीचा डाग

"हात लावू द्या की, खतीजाबी. समद्यायला लावू देता, मग मलाच काहून न्हाई?"

कळमनुरीच्या बाजारात खतीजाबीच्या बांगड्यांच्या पालात, पोत्याच्या पडद्यामागं, शिवकन्या हटून बसली होती. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं; परवा तिचे शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू व्हायचे होते आणि ती जायला तयार नव्हती. म्हणून सासू, मिराबाई, तिला साखऱ्याहून इथं घेऊन आली. तालुक्याची रीतच होती ती. खतीजाबीच्या छातीवर बावीस वर्षांपूर्वीच्या शेकाचा काळा डाग होता. त्याला हात लावला की भ्यालेली बाई मुकाट दवाखान्याची वाट धरायची.

आज मात्र खतीजाबी डबे उगीच इकडचे तिकडे करत होती.

"आधी ऐक तर, बेटी. शेक घेऊन आले तवा अंगात एवढी वीज, का महिनाभर घरात दिवा लावला न्हाई. माझ्या उजेडात लेकीनं, मुन्नीनं, अभ्यास केला. कयाधूकाठची रानडुकरं..."

"वाशिमला पळाली. ऐकलंय. हात लावू द्या."

खतीजाबीच्या त्या डागाखाली आता गाठ आली होती. डॉक्टर म्हणाले होते, जुना रोग नाही, हा नवाच. तेव्हाच्या शेकानंच इतक्या वर्षांनी उठलेला. हे कळलं तर ही पोरगी जाईल का?

खतीजाबीनं पदर सारला, तिचा हात ओढला आणि डागावर दाबला.

बोटं थबकली. "हे काय?"

"नवी गाठ. शेकाचीच. हजारात दोघीतिघींला व्हती म्हणं."

"अन् मला जा म्हणता?"

"व्हय. मी गेले तवा मुन्नी रांगत व्हती. न जाते, तर तिला माझं तोंडबी याद नसतं. तू जा. फक्त बरी झाल्यावर दर साली दाखवत राहा. मी सोडलं व्हतं."

"रांगत व्हती, तर अभ्यास कसा केला तिनं?" शिवकन्यानं विचारलं.

खतीजाबी पुन्हा डबे इकडचे तिकडे करू लागली.

"परवा तुमीबी चला," शिवकन्या म्हणाली. "संगंच जाऊ."

खतीजाबीनं हिरव्या बांगड्या काढल्या. ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजतो, म्हणून दोघींचाही एकेकच हात भरायचा. शिवकन्याचा भरून झाल्यावर तिनं उरलेल्या तिच्यापुढं धरल्या आणि स्वतःचा हात पुढं केला. अख्ख्या तालुक्याचे हात भरणाऱ्या बाईचा हात आजवर कुणी भरला नव्हता.

पहिलीच बांगडी तडकली.

"वाढली म्हण गं, वाढली!" मिराबाई घाईनं म्हणाली.

"फुटली," खतीजाबी म्हणाली. "दुसरी घाल."