चापातली अक्षत

मी सर्जेराव. एकवीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात पिस्तुलं उघडतोय. माझ्या हाताखालून गेलेलं हत्यार कधी अडलं नाही, हे मी जालन्यात ज्याला त्याला ऐकवलंय. म्हणून अंगद शिपायाची तक्रार ऐकली आणि माझं डोकंच फिरलं.

आष्टीत एकाला पकडायला गेल्यावर त्यानं कोयता उपसला. अंगदनं एक गोळी हवेत झाडली, दुसरी झाडलीच नाही. कोयत्यानं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तो म्हणत होता, चाप अडकला. बाकी सगळे म्हणत होते, पोरगं भ्यालं. चौकशी लागली. त्याची नोकरी आता माझ्या अहवालावर होती.

"मामा, पयल्या गोळीनंतर चाप पुढं आलाच न्हाई," बांधलेला हात सावरत अंगद म्हणाला.

"दसऱ्याला साफ केलंय मी. स्प्रिंग बिलकुल नवी. तुझंच बोट आखडलं असंल," मी चौकशीच्या साहेबांसमोरच खेकसलो.

"उघडा," साहेब म्हणाले.

मी रिकामं पिस्तूल हातात घेऊन चाप ओढला नि सोडला. तो अर्ध्यातच थांबला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. मग चाप पुढं ढकलणारी बारकी स्प्रिंग चिमट्यानं बाहेर काढली. तिच्या वेटोळ्यात तांदळाचा एक दाणा रुतला होता, तेल-कुंकवात लडबडलेला.

"हे आत कुणी टाकलं?" साहेबांनी विचारलं.

अंगदनं माझ्याकडं पाहिलं. ठाऊक त्यालाही होतं. आधी सफाई, मग पूजा, हा माझा शिरस्ता. दसऱ्याला सगळी पिस्तुलं पाटावर मांडून मीच कुंकू लावलं, मूठभर अक्षता टाकल्या आणि नंतर वरवर फडकं फिरवलं. पुजलेलं हत्यार लगेच उघडू नये म्हणतात, म्हणून उघडून पाहिलं नाही.

"मी टाकलं, साहेब," मी म्हणालो. "तसंच लिहितो. पोरगं भ्यालं नव्हतं."

अंगदनं तो लाल दाणा चांगल्या हातानं उचलला. उजेडात धरून पाहिला.

"मामा," तो म्हणाला, "मलाबी वाटू लागल्तं, मी खरंच भ्यालो म्हणून."