हिरवे पागोटे

मित्रांनो, मी एक जुने पागोटे आहे. हसू नका, हा हिरवा रंग माझा जन्माचा नाही. विणकराने मला पांढरेशुभ्र विणले होते. चाड सरोवराकाठच्या म्बोदूने मला मोठ्या तोऱ्यात डोक्यावर चढवले. माझ्याखाली टक्कल आहे, हे त्याच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते.

बायको, यागाना, सरोवराजवळच्या डबक्यावरची दाट हिरवी साय भोपळ्याच्या तुंब्याने काढायची. ही साय म्हणजे बारीक शेवाळ, दिहे. बायका ती वाळूच्या खळग्यात ओतत. पाणी वाळूत मुरे आणि वर वडी उरे. पण वडीला चिकटून वाळूही कालवणात येई.

"हे कालवण आहे की वाळवंट?" म्बोदू रोज कुरकुरायचा. एकदा खडा चावून त्याचा दातच पडला.

"अहो, पुरे आता! उद्या खडा लागला तर सांगा," यागाना म्हणाली.

सकाळी तो घोरत असताना तिने मला उचलले आणि डबक्याकाठी चार खुंट्यांना ताणून बांधले. तिने साय ओतली. पाणी खाली गळाले, साय माझ्या अंगावर राहिली. वास काय सांगू! माझ्यासारख्या खानदानी कापडाची ही दशा! पण वाळूचा कण नव्हता.

"अगं बाई, पुरुषाचं पागोटं!" बायका ओरडल्या. "पुरुष पाण्यात उतरला की डबकं आटतं, विसरलीस?"

डबक्याची कारभारीण काल्तूमा आजी पुढे आली. "हे पुरुषाचं निघालं, तर या हंगामात तुझा तुंबा पाण्यात बुडायचा नाही."

यागानाचा चेहरा उतरला. तिचे घर या सायीवरच चालत होते.

तेवढ्यात डोक्यावर दोन्ही हात धरून म्बोदू धावत आला आणि काठापासून लांबच थांबला.

"म्बोदू, हे पागोटं कुणाचं?" आजीने विचारले.

मी खूश झाले. आता माझी सुटका! त्याने माझ्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवली. मग हळूच हात खाली घेतले. टक्कल उन्हात लखलखले.

"कसलं पागोटं, आजी? आमच्या हिचं फडकं आहे ते. मला कुठे सवय आहे डोकं बांधायची!"

आजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "एवढं टक्कल दाखवायला कोण उगाच येतंय? गाळ गं यागाना."

तेव्हा मला फार राग आला होता. आता नाही. बाकीच्या बायकांनीही नवऱ्यांची पागोटी खुंट्यांना ताणली, महिन्याभरात गावातले निम्मे पुरुष बोडके हिंडू लागले, पण उरलेले दात सगळ्यांचे शाबूत आहेत.

मित्रांनो, जुने कापड टाकू नका. साय गाळायला वापरलेत तर मात्र करकचून पिळू नका, साय निसटते. स्वच्छ पाण्यात धुवा, सावलीत वाळवा.

सणाला म्बोदू मला अजून बांधतो. लोक नाक दाबून विचारतात, "हे हिरवं कुणाचं रे?"

तो ताठ मानेने सांगतो, "बायकोचं. संध्याकाळी परत द्यायचंय."